मुंबईचे वन आणि त्याचे राखणदार

उत्पत्तीच्या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने मनुष्याला एदेन बागेत नेऊन ठेवल्याचा वृत्तांत आहे. तेथे त्याला दोन कामे नेमून देण्यात आली होती : बागेची मशागत आणि बागेची राखण. पैकी मशागतीचे काम मनुष्याने मोठ्या हौसेने केले. त्याने शेते पिकवली, धरणे बांधली, नगरे वसवली. राखणीचे काम मात्र तो वारंवार विसरत आला. 'राखण' हा शब्द आपल्या कोकणपट्टीतील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. भात पोटरीला आले की माळ्यावर बसून रात्र रात्र जागणारा राखणदार त्याने पाहिलेला असतो. पहारेकऱ्याला फाटक माहीत असले म्हणजे पुरते. राखणदाराला शेत माहीत असावे लागते. रानडुक्कर कोणत्या बांधावरून शिरते, पाणी कोठे तुंबते, कोणत्या कोपऱ्यातले पीक आधी पिकते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून राखण होत नाही. ओळखीवाचून राखण नाही, हा त्या माळ्यावरचा साधा नियम आहे.

हा नियम एका महानगराच्या उशाशी असलेल्या वनाला कसा लागू पडला, तो कधी पाळला गेला आणि कधी मोडला गेला, याचा इतिहास या लेखात आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली आरे वसाहत हा या लेखाचा विषय आहे. बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, मरोळ, मुलुंड, ठाणे येथील आपली कितीतरी कुटुंबे या वनाच्या शेजारी राहतात. वसईकरांनाही ते परके नाही. वनाच्या उत्तरेला वसईची खाडी आहे आणि खाडी ओलांडली की तुंगारेश्वराच्या रांगा सुरू होतात. वन्य प्राण्यांच्या हिशेबी हा सारा एकच मुलूख आहे.

साष्टीचे डोंगर

हे वन सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले आहे. साग, ऐन, हेद, कळंब, पांगारा, काटेसावर अशा वृक्षांनी आणि कारवीच्या दाट झुडपांनी त्याचे डोंगर झाकलेले असतात. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी तेथे नोंदले गेले आहेत. मुंबईच्या उपनगरांतून वाहणाऱ्या दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्यांचे उगम याच डोंगररांगेत आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख लोकवस्तीच्या शहराला खेटून बिबळ्यांचे वास्तव्य असलेले असे अरण्य उभे असावे, ही जगातल्या मोजक्या आश्चर्यांपैकी एक गोष्ट होय.

या डोंगरांशी माणसाची ओळख फार जुनी आहे. वनाच्या मध्यभागी असलेल्या कान्हेरी येथे बौद्ध भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी कोरली. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे तेथे विहार नांदला. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद तेथील ब्राह्मी शिलालेखांत आढळते. या लेण्यांतील मूर्तींची वाखाणणी सर्वजण करतात. आम्हांस मात्र त्यांच्या दाराशी कोरलेल्या पाण्याच्या पोढी अधिक विचार करण्याजोग्या वाटतात. डोंगरमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींनी उतरवून ते प्रत्येक लेण्याजवळच्या टाक्यात साठवण्याची सोय त्या भिक्षूंनी केली होती. चार महिने कोसळणारा पाऊस आणि आठ महिने तापणारा कातळ यांची नीट ओळख करून घेतल्याशिवाय हे साधले नसते. पोढी खोदवून देणे हे तेव्हा पुण्यकर्म मानले जाई, आणि दात्याचे नाव शिलालेखात कोरले जाई.

आपल्या धर्मबांधवांचाही या मुलुखाशी संबंध पोर्तुगीजांच्या फार आधीपासूनचा आहे. १३२१ साली ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन संन्याशांना हौतात्म्य प्राप्त झाले. त्यानंतर लवकरच पोर्देनोनेचा ओदोरिक हा त्याच संघाचा प्रवासी ठाण्यास आला आणि त्या हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनकडे गेला. त्याच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या परिसरातील माकडे, मोठाली वटवाघळे, कुत्र्याएवढे उंदीर आणि 'काळे सिंह' यांचा उल्लेख येतो. हे काळे सिंह बिबळेच असावेत असा आमचा तर्क आहे. तो खरा असेल, तर सातशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती धर्मगुरूने या वनातील बिबळ्याची नोंद केली असे म्हणावे लागेल. नोंदीत भय आणि कुतूहल दोन्ही आहेत. अनोळखी माणसाच्या मनात रानाविषयी याच दोन भावना उठतात.

सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यावर फादर आंतोनियो दो पोर्तो यांच्यासारखे फ्रान्सिस्कन धर्मगुरू वनाच्या पश्चिम पायथ्याशी मंडपेश्वर येथे आले. तेथील शिवगुंफेचे त्यांनी प्रार्थनामंदिरात रूपांतर केले आणि गुंफेच्या माथ्यावर मठ व विद्यालय उभारले. त्या वास्तूचे भग्न अवशेष आजही पाहावयास मिळतात. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकून घेतली, आणि १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. राज्ये आली आणि गेली. या सर्व काळात डोंगरात नित्य वावरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे तेथील आदिवासी. वारली, मल्हार कोळी, काथोडी यांची घरे कारवीच्या कुडाची असत आणि त्यांच्या देवांत वाघोबा असे. वाघ-बिबळ्याचा दगड पूजून, त्याला त्याचा मान देऊन, त्याच्याच वाटेने लाकूडफाटा आणावयाचा, अशी ही शेजारधर्माची रीत होती. आमच्या श्रद्धेहून ती वेगळी आहे हे उघड आहे. तथापि वनाला शेजारी मानण्याचे जे शहाणपण तिच्यात आहे ते आम्ही आदराने पाहतो.

पाण्यासाठी राखलेले रान

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरच्या विहिरी व तलाव वाढत्या वस्तीला पुरेनासे झाले. पाण्याच्या टंचाईने शहर हवालदिल झाले तेव्हा सरकारची दृष्टी साष्टीच्या डोंगरांकडे वळली. १८५६ साली मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली ते पुरे झाले. मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते येथून. मागोमाग १८७९ साली तुळशी आणि १८९१ साली पवई असे आणखी दोन तलाव झाले. पवईचे पाणी पुढे पिण्यास योग्य राहिले नाही. विहार आणि तुळशी मात्र आजही शहराला थोडेफार पाणी पुरवितात, आणि तेही महानगरपालिकेच्या हद्दीच्या आतून.

तलावाचे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे पाणलोट क्षेत्र वस्तीपासून मोकळे ठेवण्यात आले. मुंबईचे वन आज उभे आहे याचे एक मोठे कारण ही व्यवस्था होय. पाण्याची गरज होती म्हणून रान राहिले. पण या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि तिचे परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावे लागले. नळ उघडणाऱ्या नागरिकाला पाणी कोठून येते हे कोणी शिकविले नाही. कान्हेरीच्या भिक्षूला पोढी दाराशी होती. पन्हळ फुटली तर त्याला त्याच दिवशी कळत असे. गिरगावच्या चाळीतील गृहस्थाला विहारचा बांध दिसत नव्हता आणि बांधामागचे रान तर मुळीच दिसत नव्हते. वन राखले गेले, पण त्याची ओळख शहराच्या हातून सुटत गेली.

उद्यान, सहल आणि शिक्षण

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि येथे कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. हळूहळू त्याचे क्षेत्र वाढले. पुढे ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८० च्या दशकात त्यास संजय गांधी यांचे नाव देण्यात आले. त्याच १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी देशभर वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. दक्षिणेकडे १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभी राहिली होती. शहरातील गोठे तेथे हलविण्यात आले, आणि सुमारे १६ चौरस किलोमीटरांचा हिरवा टापू त्यामुळे इमारतींपासून बचावला. त्या टापूत आदिवासींचे २७ पाडे होते व आहेत.

आमच्या पिढीतील बहुतेकांनी नॅशनल पार्क प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीत. वनराणी या छोट्या आगगाडीत बसावे, सिंह पाहावा, गांधी टेकडीवर डबा खावा आणि संध्याकाळी घरी यावे, असा तो कार्यक्रम असे. त्यात आनंद होता. पण सहलीला जाणारा मुलगा वनाकडे करमणुकीची बाग म्हणून पाहत असे. आपल्या घरच्या नळाचा आणि त्या टेकड्यांचा काही संबंध आहे हे त्याला सहलीत कळत नसे.

खऱ्या निसर्गशिक्षणाची परंपरा मुंबईत दुसरीकडे वाढत होती. १८८३ साली येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी हातात घेऊन या संस्थेच्या दारी गेला. त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणत्या जातीची हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनी त्याला रागे भरले नाही. त्यांनी कपाटे उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि पक्षी ओळखावयास शिकविले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. शिकारी मुलाचा पक्ष्यांचा राखणदार झाला तो शिक्षेने नव्हे, ओळखीने. आज याच संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र गोरेगावच्या चित्रनगरीजवळ, वनाच्या कुशीत ३३ एकर जागेत आहे. शाळकरी मुले तेथे पायवाटेने फिरतात, झाडाच्या सालीला हात लावून पाहतात, कोळ्याचे जाळे कसे विणले जाते ते निरखतात.

ओळखीवाचून कायदा

दरम्यान मुंबईत घर मिळणे गरिबाला अशक्य होत चालले होते. उद्यानाच्या कडेने झोपड्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने उच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि १९९७ साली न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. पर्यायी जागेसाठी पात्र ठरणाऱ्या कुटुंबाने सात हजार रुपये भरावेत अशी अट होती. ज्यांच्याजवळ तेवढे नव्हते त्यांचे हाल झाले. पुढे निवारा हक्क सुरक्षा समितीच्या प्रयत्नांनी चांदिवलीच्या संघर्षनगरात हजारो कुटुंबांना घरे मिळाली. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले.

न्यायालयापुढे वन वाचविण्याचा प्रश्न होता आणि वन वाचणे आवश्यकच होते, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. पण या प्रकरणाने शहरापुढे एक चुकीचे चित्र उभे केले. वनाचा शत्रू म्हणजे झोपडीत राहणारा गरीब माणूस, असे सुशिक्षितांना वाटू लागले. त्याच वनाच्या सीमेवर उंच इमारती उठत होत्या आणि त्यांतील सदनिका डोंगराचे दर्शन घडवितात म्हणून चढ्या भावाने विकल्या जात होत्या. त्यांच्याकडे तितक्या कठोरपणे कोणी पाहिले नाही. पिढ्यान् पिढ्या रानात राहिलेल्या आदिवासींनाही अतिक्रमकांत गणले गेले. ज्यांना वनाची सर्वांत जवळची ओळख होती तेच घुसखोर ठरले, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा भाग आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसृत केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रात भूमीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास शिकविले आहे. आदिवासी समाजांच्या भूमीवर काही करावयाचे झाल्यास प्रथम त्यांच्याशी बोलावे, असेही त्यांनी बजावले आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभुचरणी लीन झाले. त्यांची ही शिकवण बोरिवलीच्या डोंगरांना किती तंतोतंत लागू पडते, हे वरील हकिगतीवरून दिसून येईल.

बिबळ्याच्या भीतीचे दिवस

२००२ ते २००४ या काळात वनाच्या कडेच्या वस्त्यांवर बिबळ्यांचे हल्ले वाढले. २००४ चा जून महिना तर भयंकर ठरला. लहान मुले, नैसर्गिक विधीसाठी अंधारात बाहेर पडलेली माणसे बळी गेली. मृतांमध्ये बहुसंख्य गरीब होते. घरोघरी भीती पसरली, पिंजरे लावा, भिंत बांधा, बिबळे हलवा अशी मागणी झाली, आणि तसे काही प्रमाणात करण्यातही आले.

पण उपाय म्हणून जे केले जात होते त्यातच रोगाचे एक मूळ असावे, हे पुढे अभ्यासाने ध्यानात आले. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी जुन्नर परिसरातील बिबळ्यांचा अभ्यास केला होता. एका ठिकाणी पकडलेला बिबळ्या दुसरीकडे नेऊन सोडला म्हणजे तेथे माणसांवरील हल्ले वाढतात, असे त्यांना आढळले. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर बिथरते आणि आपल्या मूळ जागेकडे परतू पाहते. दुसरे कारण आपल्या उकिरड्यात होते. वस्तीबाहेर कचरा साचला की त्यावर भटकी कुत्री व डुकरे पोसली जातात, आणि त्यांच्या मागावर बिबळ्या वस्तीपर्यंत येतो.

२०११ साली उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांनी अत्रेय आणि इतर अभ्यासकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. मुंबईच्या वनाच्या इतिहासात आम्ही या घटनेला मोठे स्थान देतो. वनखात्याने येथे नागरिकाला राखणीत सहभागी करून घेतले. कोणी विद्यार्थी, कोणी नोकरदार, कोणी गृहिणी, असे स्वयंसेवक पुढे आले. त्यांनी गृहसंस्थांत, शाळांत आणि पाड्यांवर जाऊन लोकांशी संवाद केला. सांगण्याच्या गोष्टी साध्या होत्या. कचरा उघड्यावर टाकू नये. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नये. वाटेवर दिवा असावा आणि घराजवळ शौचालय असावे. बिबळ्या नुसता दिसला म्हणून तो हल्ला करणारच असे नाही. त्याच्याभोवती गर्दी करू नये, त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. पोलिसांना गर्दी आवरण्याचे शिक्षण देण्यात आले, कारण बिबळ्या वस्तीत शिरला असता खरा धोका बहुधा जमावाच्या गोंधळातून उद्भवतो. पत्रकारांसाठीही कार्यशाळा झाल्या आणि बातम्यांची भाषा हळूहळू बदलली. 'नरभक्षकाचा धुमाकूळ' असे मथळे कमी झाले.

पुढील वर्षांत हल्ल्यांचे प्रमाण पुष्कळ घटले. बिबळे मात्र घटले नव्हते. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत २०१५ साली या परिसरात ३५ बिबळे आढळले, आणि २०१८ साली ४७. जनावरे तितकीच असून माणसे अधिक सुरक्षित झाली, याचा अर्थ मधल्या काळात माणसे शिकली होती असाच घ्यावा लागतो. अर्थात हे शिक्षण एकदाच देऊन भागत नाही. २०२१ साली आरे परिसरात पुन्हा हल्ले झाले आणि २०२२ च्या दिवाळीत तेथे एक तान्हे मूल दगावले. त्या आईच्या दुःखापुढे कोणतीही आकडेवारी थिटी आहे. वनाच्या प्रेमापोटी कोणी हे दुःख लहान करून सांगू नये. ज्या पाड्यांवर आजही पुरेसा उजेड नाही आणि शौचालये नाहीत, तेथे नुसत्या उपदेशाने जीव वाचत नाहीत. सोयी आणि शिक्षण बरोबरीने गेले पाहिजेत.

आरेची रात्र

मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतील जागा घेण्याची योजना २०१४ च्या सुमारास लोकांपुढे आली. तेव्हापासून नागरिकांचे गट आरेमध्ये जाऊ लागले. ते सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह झाडांतून हिंडत, त्यांची नावे शिकत आणि पाड्यांवरील लोकांना भेटत. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने शहर बुडविले, ते अनेकांच्या स्मरणात होते. मिठीच्या वरच्या अंगाला असलेले रान पाणी शोषून घेते, ही गोष्ट आता सामान्य माणसे एकमेकांना समजावून सांगू लागली. विहारचा नळ आणि विहारचे रान यांची दीडशे वर्षांपूर्वी तुटलेली ओळख पुन्हा जुळू लागली होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे तोडण्यास अथवा हलविण्यास मान्यता दिली. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. तो असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण होता. सृष्टीला बहीण-भाऊ मानणाऱ्या आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केलेल्या संतांच्या दिवशीच हे घडावे, हा योगायोग आम्हांस अद्याप अस्वस्थ करतो. रात्रीच लोक धावून गेले. जमावबंदी लागू झाली आणि २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, पण तोवर २,१४१ झाडे पडली होती. प्रजापूरपाड्यातील काही आदिवासी कुटुंबांना याच प्रकल्पापायी आधीच घरे सोडावी लागली होती.

पुढील कथा धरसोडीची आहे. २०२० साली कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला आणि आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्यात आली. २०२२ साली सरकार बदलताच कारशेड पुन्हा आरेमध्ये आली. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही मेट्रो धावू लागली. या मेट्रोने कितीतरी श्रमिकांचा प्रवास सुसह्य होतो हे आम्ही नाकारीत नाही. लोकलच्या दारात लोंबकळून जाणारी माणसे आपल्याच धर्मग्रामांतील आहेत. मग त्या आंदोलनाने काय साधले, असा प्रश्न कोणी विचारील. कारशेड टळली नाही हे खरे. परंतु त्या चळवळीवाचून ८०० एकरांना राखीव वनाचा दर्जा मिळाला असता, असे आम्हांस वाटत नाही. शिवाय शहराला आपल्या वनाची ओळख पटली, आणि ही कमाई पुढे लागणारी आहे. २०२४ च्या जुलैमध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याची पायाभरणी झाली. हा बोगदा उद्यानाखालून जाणार आहे. यापुढेही असे प्रश्न येत राहतील, आणि दर वेळी वनाच्या वतीने जाणतेपणाने बोलणारी माणसे लागतील.

आपल्या धर्मग्रामांचे काम

लोकशिक्षणाची ही वाट मराठी ख्रिस्ती समाजाला नवी नाही. वसईतील हिरवाई आणि विहिरींचे पाणी वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे गावोगावी सभा घेतल्या. शेतकरी, माळी, शिक्षक, गृहिणी त्यात उतरल्या. जातिधर्माचा भेद तेथे उरला नाही. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो आपल्यातून गेले. त्यांनी लावून दिलेला धडा मुंबईच्या वनालाही लागू पडतो : आधी लोकांना कळले पाहिजे, म्हणजे लोक उभे राहतात.

प्रतिवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभा सृष्टीचा काळ म्हणून पाळते. या पाच आठवड्यांत वनाशेजारच्या धर्मग्रामांनी धर्मशिक्षणाचा एक तरी वर्ग रानात न्यावा असे आम्ही सुचवितो. रोपटे हातात धरून छायाचित्र काढणे सोपे असते. त्यापेक्षा मुलांनी दहा झाडे नावाने ओळखावीत, आपल्या वस्तीजवळची नदी कोठे उगम पावते ते पाहावे आणि पाड्यावरील एखाद्या वृद्धाकडून रानाच्या गोष्टी ऐकाव्यात. तेथे आपण शिकविण्यास गेलो नसून शिकण्यास गेलो आहोत, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे. दृढीकरणाची तयारी करणाऱ्या युवक-युवतींना सेवेचे काही तास द्यावयाचे असतात. ते उद्यानातील निसर्ग माहिती केंद्राच्या मार्गदर्शनाखाली द्यावेत. महाशिवरात्रीस कान्हेरीला मोठ्या संख्येने भाविक जातात. त्यांच्या मागे राहिलेले प्लास्टिक वेचणाऱ्या स्वयंसेवकांत आपली मुले असतील, तर तो शेजारधर्माचा उत्तम धडा होईल. आपल्या सणांच्या जेवणावळींतील थर्मोकोल आणि उघड्यावर टाकलेले उष्टे यांचाही विचार याच वेळी व्हावा. नाताळच्या गव्हाणीसाठी कोणी रानातील फांद्या आणीत असेल, तर ती प्रथा प्रेमाने थांबवावी. बिबळ्या अडकलेला वा जखमी दिसला तर वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे, हे प्रत्येक घरात माहीत असावे.

या कामात उतावीळ होऊन चालत नाही. वनात कारवी नावाचे झुडूप आहे. ती सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सारा डोंगर जांभळ्या फुलांनी भरून टाकते. २००८, २०१६ आणि २०२४ साली बोरिवलीच्या डोंगरांवर तो बहर आला. आता तो २०३२ साली अपेक्षित आहे. आज जे मूल पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार होत आहे ते तेव्हा तारुण्यात पाऊल टाकीत असेल. मधल्या वर्षांत त्याला रानाची ओळख करून देण्याचे काम आईवडिलांचे, शिक्षकांचे आणि आम्हा धर्मगुरूंचे आहे. ते झाले, तर त्या पावसाळ्यात कारवी पाहावयास डोंगरावर जाणारे पाऊल एका राखणदाराचे असेल.